मधोमध काठ

अण्णा सायकलवरून पडले तेव्हा मागावर अर्धं लुगडं होतं.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. संगमनेरच्या आमच्या गल्लीत एके काळी घरटी हातमाग होता, तेव्हा उरला होता तो आमचा आणि कोपऱ्यावरच्या एका म्हाताऱ्यांचा. माझे दोन्ही भाऊ नाशिकला कारखान्यात लागले होते. मी राजूरच्या शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. घरी आई, अण्णा आणि माग. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा होता. त्यात पाय सोडून अण्णा बसायचे आणि दिवसभर नऊवारी लुगडी विणायचे. पायाने पावड्या दाबायच्या, एका हाताने दोरी ओढून धोटा इकडून तिकडे पळवायचा, दुसऱ्या हाताने फणी ठोकायची. त्या खटखटीवर आम्ही भावंडं उठलो, जेवलो, अभ्यास केला.

सुताचं गाठोडं सायकलला बांधून ते घरी येत होते. पुलाच्या उतारावर शेळी आडवी आली. शेळी वाचली, अण्णांचा उजवा खांदा गेला. ओळखीच्या एसटी कंडक्टरने राजूरला निरोप आणला आणि शनिवारची सकाळची शाळा सुटताच मी घर गाठलं.

गल्लीत शिरले आणि थबकले. आमच्या घरातून मागाचा आवाज येत होता. हात प्लास्टरमध्ये असताना अण्णा मागावर कसे बसले? आणि आवाजही त्यांचा नव्हता. त्यांचा ठोका घड्याळासारखा पडायचा. हा लंगडत होता. दोन ठोके पडायचे, मग थांबायचा, मग कोणीतरी पुटपुटायचं, मग पुन्हा एक.

आत गेले तर खड्ड्यात आई बसली होती.

आईने लग्न झाल्यापासून अण्णांच्या कांड्या भरल्या होत्या. रहाट फिरवायचा, सूत कांडीवर गुंडाळायचं, भरलेली कांडी अण्णांच्या हाताशी ठेवायची. मागावर मात्र ती कधी बसली नव्हती. आमच्या घरात तसा रिवाजच नव्हता. आता लुगड्याचा ओचा आवरून ती खड्ड्यात उतरली होती आणि भिंतीकडच्या खाटेवर अण्णा गळ्यात हात अडकवून, डोळे मिटून पडले होते.

"अहो, ठोका नीट बसंना," आई म्हणाली.

"पावडी पुरी दाब. आवाजावरनं कळतंय मला. डावा पाय लाजतोय तुझा."

"पाय लाजत न्हाई, गुडघा दुखतोय."

"मग ऊठ."

"उठते की. लुगडं पुरं झालं म्हंजी उठते."

मला बघून आई हसली, पण उठली नाही. संध्याकाळी भाकरी थापताना तिने सगळं सांगितलं. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, खळ लावलेली असते, भाताची खळ. माग असाच पडून राहिला तर ती खायला उंदीर येतात आणि सगळा ताणा वाया जातो. दोन दिवस तिने वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी अण्णांना म्हणाली, मी बसते.

"मग काय म्हणाले?"

"तोंड फिरवलं त्यांनी. म्हनले, बाईमानूस मागावर? मी म्हनलं, बाईमानूस नको तर मग उंदरास्नी बसू द्या."

ते लुगडं पुरं झालं. पण काठ नागमोडी गेला होता. कुठे वीण घट्ट, कुठे विरळ. अण्णा ज्या दुकानदाराला माल घालायचे त्याने घडी उलगडून पाहिली आणि हळूच परत केली. माणूस सज्जन होता. "वहिनी, मेहनत दिसते हो. पण गिऱ्हाईक काठ बघतं," तो म्हणाला. मग अण्णांकडे वळून म्हणाला, "तसंही सुती लुगडी नेसतं कोण आता? म्हाताऱ्या. त्यांनाही सुना पॉलिएस्टर आणून देतात."

घरी येऊन आईने लुगडं ट्रंकेत ठेवलं.

प्लास्टर निघालं. हात खांद्याच्या वर जाईना. दोरी ओढायला गेले की कळ यायची. डाव्याने ओढून पाहिली, पण फणी ठोकायला दुसरा हात लागतोच. चार-सहा दिवस ते मागासमोर नुसते बसून राहिले. मग एका सकाळी आई भाजी घेऊन आली तर अण्णा रहाटाशी मांडी घालून बसलेले. डाव्या हाताने चाक फिरवत होते आणि सूत कांडीवर कसंबसं चढत होतं.

आईने एक कांडी उचलून पाहिली. "ही काय कांडी हाय? पोटुशी वाटतीया."

"पहिलीच हाय. तू मागावर बसलीस तवा मी हसलो हुतो का?"

"हसला न्हाई. ओरडला हुता."

मग दोघंही हसली. त्या दिवसापासून आमच्या घरात कामांची अदलाबदल झाली ती कायमची. गल्लीतले लोक येता-जाता डोकवायचे. एकाने विचारलं, "काय अण्णा, बायकोच्या हाताखाली लागला व्हय?" अण्णा चाक न थांबवता म्हणाले, "व्हय की. मालकीण लई कडक हाय." पुढे लोकांना चिडवण्यात मजाच राहिली नाही.

पण विणायचं काय, हा प्रश्न होताच. आईचा हात बसत होता, तरी लुगड्याला लागते ती सफाई यायला वेळ लागणार होता, आणि लुगडी तर कोणाला नकोच होती.

याच सुमारास आई मला भेटायला राजूरला आली. मी एका नर्सबाईंच्या घरात खालची खोली भाड्याने घेतली होती. खोली छान होती, फक्त तिची खिडकी सरळ रस्त्यावर उघडायची. बाजाराच्या दिवशी वरच्या वाड्यांतून माणसं उतरायची, तांदूळ, हिरडा, कोंबड्या घेऊन. त्यातले माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप हमखास खिडकीत यायचे. "बाई, काय शिजवलंय आज?" प्रेमानेच विचारायचे. पण मी केस विंचरत असले तरी विचारायचे. मी कंटाळून गजांना वर्तमानपत्र चिकटवलं होतं.

आईने ते वर्तमानपत्र पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "इनकराच्या पोरीच्या खिडकीला कागद?" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत गेली.

घरी जाऊन तिने ट्रंकेतलं लुगडं काढलं आणि कात्री घेतली. हा प्रसंग मी पाहिला नाही, पण दोघांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आहे की मी तिथेच होते असं वाटतं. विणकराच्या घरात अख्ख्या लुगड्याला कात्री लावायची म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. आईने कात्री उघडली आणि तिचा हात थांबला. अण्णा रहाटावरून उठले.

"दे हिकडं. कापायचंच तर मी कापतो. तुझ्या हातचं पहिलं कापड हाय, तू कापू नगंस."

त्यांनी डाव्या हाताने कापलं. ते इतकं तिरकं गेलं की आईला टीप घालताना निम्मी वीत कापड आत दुमडावं लागलं.

हिरवं अंग, लाल काठ. पुढच्या रविवारी आई-अण्णा दोघं राजूरला आले आणि सुतळी ताणून त्यांनी पडदा लावला. सकाळचं ऊन त्यातून आलं तेव्हा खोलीभर पोपटी उजेड पसरला. वीण जिथे विरळ होती तिथून उन्हाचे बारीक ठिपके जमिनीवर पडले. दुकानदाराने दाखवला तोच दोष तो, पण खिडकीत तो दोष वाटतच नव्हता. अण्णा कितीतरी वेळ त्या ठिपक्यांकडे बघत उभे होते.

नर्सबाई ड्यूटीवरून आल्या त्या रस्त्यातच थांबल्या. "अहो ताई, हे कुठून आणलंत?"

"आईने विणलंय."

"मग मलाही पाहिजे. बैठकीच्या दोन्ही खिडक्यांना. पण निळं करा. आणि एक पांढरा रुमाल, निळ्या काठाचा, टेबलावर घालायला."

त्यांच्या बैठकीत त्या टेबलावर बुद्धाची मूर्ती होती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. पौर्णिमेला नर्सबाई तिथे पांढरी फुलं ठेवायच्या. आईने टेबल वितीने मोजलं. मग जरा अवघडून विचारलं, "बाई, माझी वीण अजून कच्ची हाय. देवापुढं चालंल का?"

नर्सबाई म्हणाल्या, "आमच्याकडे देव नाही, मावशी. गुरू आहेत. आणि गुरूपुढं शिकणाऱ्याचंच काम ठेवायचं असतं."

घरी जाताना आई हे वाक्य एसटीत दोनदा स्वतःशी म्हणाली, अण्णांनी सांगितलं.

तो रुमाल तिने फार जपून विणला. त्याचा काठ सरळ आला. अण्णांनी घडी घालायच्या आधी तो जमिनीवर पसरला, एका टोकाला गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून पाहिलं आणि आईकडे बघून मान डोलावली. त्यांच्याकडून एवढीच शाबासकी मिळायची. पुढे कितीतरी वर्षं तो रुमाल त्या टेबलावर होता.

नर्सबाईंच्या बैठकीतले पडदे बघून दवाखान्यातल्या आणखी दोघींनी मागितले. मग माझ्या शाळेतल्या एका बाईंनी पलंगावरची चादर मागितली आणि आमच्या घरात मोठं भांडण झालं.

माग लुगड्याच्या पन्ह्याचा. पलंगाच्या चादरीला तो पुरत नाही. दोन पट्टे विणून मधे जोडायचे, हे दोघांनाही मान्य होतं. पण जोडाची शिवण मधोमध दिसणार. आई म्हणाली, दोन्ही पट्ट्यांना एकेकाच कडेला काठ विणते आणि काठाला काठ जोडते. शिवण त्यात बुडून जाईल.

"काठ मधी?" अण्णांनी रहाट थांबवला. "अगं, काठ म्हंजीच कडेला असतो. मधी आला तर त्याला काठ कसं म्हनायचं?"

"मग रस्ता म्हना."

"लोक झोपनार त्याच्यावर!"

"झोपू द्या की. लुगड्याचा काठ चिखलात लोळतो, तवा न्हाई वाटत काही? हितं निदान पलंगावर ऱ्हाईल."

अण्णा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. कांड्या मात्र भरत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आईपुढे एक कांडी ठेवली. तिच्यावर सूत दुहेरी होतं, दोन धागे एकत्र गुंडाळलेले. "लुगड्याचं सूत चादरीला बारीक पडतं. ह्ये घालून बघ," ते म्हणाले. तो त्यांचा होकार होता. दुहेरी सुताने कापडाला वजन आलं, आणि चादर पसरली तेव्हा मधला लाल काठ असा उठून दिसला की शिवण शोधावी लागत होती. शाळेतल्या त्या बाई चादर घेऊन गेल्या, त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता.

नर्सबाईंचा भाऊ भंडारदऱ्याला एका लॉजवर कामाला होता. खोल्या साफ ठेवणं, पाहुण्यांचा स्वयंपाक, सगळं तोच बघायचा. त्याने मालकांना सांगून धरणाकडच्या चारही खोल्यांचे पडदे आईकडून करून घेतले. एवढं मोठं काम प्रथमच. पांढरं अंग, रुंद लाल काठ. उन्हाळा संपता संपता पडदे लागले, सगळे खूश झाले, आणि श्रावणात निरोप आला: मावशींना म्हणावं, एकदा येऊन बघून जा.

निरोप कोणत्या सुराचा होता ते नर्सबाईंनी सांगायचं टाळलं. तरी आम्हाला कळलं.

आम्ही तिघं भंडारदऱ्याच्या शेंडी गावात उतरलो तेव्हा धुकं इतकं होतं की समोरची चहाची टपरी नुसती ऐकू येत होती. लॉजवरचा तो भाऊ छत्री घेऊन आला. खोलीचं दार उघडून बाजूला झाला.

तिथला पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. खिडक्यांच्या फटींतून आत आलेल्या पाण्याने पडदे भिजले होते. काठाच्या लाल सुताचा रंग सुटला होता. पांढऱ्या कापडावर गुलाबी ओघळ, आणि पडद्याखालच्या चुना लावलेल्या भिंतीवर लाल रेघा जमिनीपर्यंत.

आईने पदर तोंडाला लावला. अण्णा भिंतीजवळ गेले, बोटाने ओघळ पुसून पाहिला. मग वळून म्हणाले, "सूत नव्या ठिकानाहून आनलं हुतं मी. रंग कच्चा निघाला. दोष माझा. तुमच्याकडं चुना हाय का?"

"असू द्या हो, अण्णा. मालक माणसं लावून करून घेतील," तो भाऊ म्हणाला.

"आमचं कापड गळालं, भिंत आमीच रंगवनार."

चुना आला. अण्णांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि डाव्या हातात कुंचला घेऊन भिंत रंगवायला बसले. मी आणि तो भाऊ पडदे उतरवत होतो. "अगं, बादली धर जरा," अण्णा म्हणाले. आई आली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. आई उघड्या खिडकीशी उभी होती. धुकं जरा उचललं होतं. खाली धरणाचं पाणी दिसत होतं, पलीकडे डोंगराच्या उतारावर भाताची खाचरं. आई भिजत होती, पण खिडकीतून बाजूला होत नव्हती.

"त्या पान्याला काय रंग म्हनायचा गं?" तिने मला विचारलं.

"राखाडी."

"राखाडी न्हाई. पारवा."

येताना एसटीत तिने विषय काढला. नवे पडदे पारव्या रंगाचे करायचे आणि काठ भातासारखा पोपटी. अण्णा थकले होते, त्यांच्या कानावर चुन्याचा ठिपका वाळला होता. तरी ताठ बसले. "पारवा? दाराखिडकीला? घरात कोनी गेल्यासारखं दिसंल."

"लोक तिथं कशाला येत्यात? पाऊस, धुकं बघाया. आपुन लाल लावून त्यांची नजर कशापायी अडवायची?"

"कापड नजरंत भरलं पायजे."

"समदंच कापड नजरंत भरायला न्हाई लागत," आई म्हणाली.

अकोले आल्यावर अण्णा म्हणाले, "पारवं सूत मिळंल. पन ह्या खेपेला परत्येक लडी मी उकळून बघनार."

आणि त्यांनी बघितली. अंगणात चुलीवर पातेलं चढवून प्रत्येक लडी मिठाच्या पाण्यात उकळली, मग पांढऱ्या फडक्यावर घासली. जिचा जरासा रंग लागला ती बाजूला काढली. घरासमोर दोरीवर पारव्या आणि पोपटी लडी वाळायला पडल्या की शेजारच्या बायका विचारायच्या, कुणाचं लगीन हाय का.

नवे पडदे लागले तेव्हा लॉजवरचा भाऊ म्हणाला, "छान आहेत. पण पहिलं लाल जास्त उठून दिसायचं, मावशी." आईने मान डोलावली, वाईट वाटून घेतलं नाही. पडदे तसेच राहिले. पुढच्या पावसाळ्यात तिथे उतरलेल्या काही पाहुण्यांनी चौकशी केली, एक-दोघं पत्ता विचारत संगमनेरला घरी आले. त्यातून कधी उशांचे अभ्रे, कधी टेबलक्लॉथ, कधी दाराचे पडदे. ताणा संपताना मागे उरतात त्या तुकड्यांच्या आई खांद्याला अडकवायच्या पिशव्या शिवायची. माझ्या शाळेतल्या निम्म्या शिक्षकांच्या खांद्याला तसली पिशवी असायची. कामाचा फार मोठा पसारा झाला नाही. पण माग बंद पडला नाही, आणि त्या गल्लीत तेव्हा एवढंही पुष्कळ होतं.

कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्यांनी त्यांचा माग विकला तेव्हा त्यांची फणी ते स्वतः उचलून आमच्या घरी घेऊन आले. अण्णांच्या हातात न देता आईच्या हातात दिली. "तुला उपयोगी पडंल," म्हणाले आणि चहा न घेता गेले. अण्णा आईला म्हणाले, "बघितलंस? मला इचारलंसुदिक न्हाई." तक्रार करत होते की कौतुक, मला समजलं नाही. बहुधा दोन्ही.

दशक सरत आलं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं आणि मी बाळंतपणाला माहेरी आले होते. मुलगी झाली. आईने ठरवलं, सव्वा महिना माग बंद, लेकराला आवाजाचा त्रास नको. पहिले काही दिवस घर इतकं शांत होतं की मलाच झोप येईना. मुलगीही झोपेना. झोळीत घातली, मांडीवर घेतली, शेजारणींनी सांगितलेलं सगळं केलं. दुपार झाली की तिचं रडणं सुरू.

एका दुपारी अण्णा वैतागून म्हणाले, "अगं, जरा माग चालवून बघ. पोटात असताना ही हितंच ऐकत हुती."

"वेडं की काय तुमी."

"बघ तर."

आई खड्ड्यात उतरली. मागावर कोणाचंच काम नव्हतं, मागच्या कामातला उरलेला ताणा तेवढा होता. तिने दोन ठोके मारले. मुलगी रडता रडता थांबली. आणखी चार ठोके, आणि तिच्या पापण्या जड झाल्या. आई थांबली तशी मुलीने पुन्हा ओठ काढला.

"थांबू नगंस," अण्णा कुजबुजले आणि रहाटाशी जाऊन बसले. हाताला येईल त्या रंगाचं सूत ते कांडीवर चढवायला लागले. पारवा संपला, मग निळा, मग पोपटी. आई विचार न करता येईल ती कांडी धोट्यात घालत होती आणि कापड पट्ट्यापट्ट्यांनी पुढे सरकत होतं.

बऱ्याच वेळाने अण्णांनी मान वर करून त्या कापडाकडे पाहिलं. आवाज खाली ठेवून त्यांनी विचारलं, "ह्ये काय होनार हाय शेवटी? पडदा का चादर?"

"कोनाला ठावं," आई म्हणाली. "पोरगी झोपलीय तवर इनते. तुमी कांडी द्या."